पिवळा ठिपका

मी एम.एस्सी.ला असताना भाताचे कच्चे दाणे सोलत होते. आमच्या मुळशी खोऱ्यात कुणी विचारलं, तुमची लेक पुण्यात काय शिकते, तर आबा सांगायचे, "डाक्टरकीच्या जवळचं कायतरी हाय." सोलण्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. घरच्या बायका भात कांडून थकल्या होत्या, आणि पोरीला पुण्याला ठेवून, वसतिगृहात घालून, तिच्याकडून पुन्हा भातच सोलून घ्यायचं, हे त्यांना लोकांपुढे बोलवेना. त्यांचंही खरंच होतं.

काम असं होतं. भात फुलल्यापासून पिकेपर्यंत दाण्याच्या आत सारखं काहीतरी घडत असतं. आधी नुसतं पाणी, मग दूध, मग चीक, मग घट्ट दाणा. आणि दाणा म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. वर फोल, त्याखाली कोंड्याचं पातळ साल, आत पिठाचा गर आणि एका टोकाला तिळाहून बारीक कोंब. या चार ठिकाणी कोणत्या वयात काय असतं, साखर किती, प्रथिनं किती, ते वेगवेगळं मोजायचं. भिंगाखाली सुईने आणि दाढीच्या पात्याने दाणा उकलायचा, प्रत्येक भाग वेगळ्या नळीत अल्कोहोलमध्ये टाकायचा, त्याचा अर्क काढायचा. मग त्या अर्काचा थेंब गाळणकागदाच्या लांब पट्टीवर ठेवून पट्टीचं टोक द्रवात बुडवायचं. द्रव कागद भिजवत पुढे जातो आणि थेंबातला एकेक पदार्थ वाटेत आपापल्या जागी सोडून देतो. तिथे ठिपके दिसतात. हे ठिपके वाचणं म्हणजे माझा अभ्यास.

मला शिकवणारे सर पक्के पुणेकर होते. शेतात कधी पाऊल टाकलेलं नाही, पण आंबेमोहोराचं त्यांना वेड. शिजताना आळीभर वास सुटतो तो दाण्याच्या कोणत्या भागातून येतो आणि दाण्याच्या कोणत्या वयात येतो, हे त्यांना शोधायचं होतं. मी मुळशीची, घरचं आंबेमोहोराचं शेत, म्हणून तर त्यांनी मला घेतलं. माझ्या हुशारीचा त्यात भाग किती आणि आबांच्या खाचरांचा किती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारण्यात शहाणपण नव्हतं.

आबांनी मला मोजून मुदत दिली होती. पाहुणे बघून ठेवले होते, वैशाखात लग्न ठरल्यातच जमा होतं. भात वर्षातून एकदाच फुलतं. त्या एका हंगामात काम झालं तर पदवी, नाही झालं तर पदवीवाचून बोहल्यावर. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि सरांनाही मी सांगून ठेवलं होतं.

भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा मी घरी जाऊन फुललेल्या लोंब्यांना रंगीत धागे बांधून आले. लाल धागा या दिवशी फुललेल्यांना, निळा त्यानंतरच्यांना, असं. पुढे ठरलेल्या दिवशी त्या त्या धाग्याच्या लोंब्या पहाटे कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून, सकाळच्या एस.टी.ने पुण्याला यायच्या. कंडक्टर आमच्याच बाजूचा. लोक मुलांचे जेवणाचे डबे त्याच्याबरोबर पाठवायचे, आमच्या घरून लोंब्या यायच्या. स्टँडवर मी उभी दिसले की तो ओरडायचा, "या, तुमचं कच्चं भात आलं!" आजूबाजूचे लोक वळून बघायचे. मी डबा घेऊन जवळजवळ पळत सुटायची.

कापायचं काम आईने स्वतःकडे घेतलं होतं. मी म्हटलं होतं, सुट्टीच्या दिवशी मी येईन आणि त्या दिवसाच्या लोंब्या मी कापीन. तर आई एकदम करड्या आवाजात म्हणाली, "तू इळ्याला हात लावायचा न्हाई. तुला आजून संसार करायचाय." दुधातलं भात आमच्याकडे पोटुशी बाई समजतात. नव्या भाताची पूजा झाल्याशिवाय त्याला विळा लागत नाही, आणि लग्न न झालेल्या मुलीच्या हातून तर नाहीच नाही. मी विज्ञान शिकलेली, मला हसू आलं. पण मनात म्हटलं, बरंच झालं, पहाटे चिखलात उतरायला नको.

लोंब्या यायच्या तेव्हा कोवळ्यांवर पिवळी भुकटी असायची. फुलोऱ्यातल्या लोंबीवर पराग असणारच, म्हणून मी ती पाण्याने खंगाळायची आणि कामाला लागायची. फडकीही पिवळट असायची. पण आईच्या हातचं कोणतं फडकं पिवळं नसतं?

पहिल्या पट्ट्या वाळल्या आणि त्यांवर एक पिवळा ठिपका दिसला. कागदाच्या पार वरच्या टोकाला, बाकी सगळ्यांच्या पुढे. अतिनील दिव्याखाली धरला तर तो काजव्यासारखा चमकायचा. सरांनी पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. फोलात ठिपका ठळक होता, कोंड्यात फिका, गरात आणि कोंबात अजिबात नाही. आणि गंमत म्हणजे जितकी लोंबी कोवळी तितका ठिपका गडद. दाणा भरत जाईल तसा तो कमी कमी होत गेला. मी आलेख काढला, तर रेघ अशी सुबक उतरली की बघत राहावं.

"हा दाण्याच्या बाहेरच्याच भागात आहे, आणि कोवळेपणीच आहे," सर म्हणाले. "वासाची सुरुवात इथेच असेल. हे आजवर कुणी पाहिलेलं नाही." त्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांचा मेळावा होता. तिथे हे मांडायचं त्यांनी ठरवूनही टाकलं, आणि माझं नाव आधी घालणार म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. पुढच्या डब्याबरोबर मी घरी चिठ्ठी पाठवली की काम फार चांगलं चाललंय. आईने चिठ्ठी आबांकडून दोनदा वाचून घेतली म्हणे.

मांडायच्या आधी सरांना शेत बघायचं होतं. फक्त दोन धाग्यांच्या लोंब्या उरल्या होत्या, उशिरा फुललेल्या. सर माझ्याबरोबर शनिवारी संध्याकाळी आले, आबांनी त्यांना बाहेरच्या पडवीत खाट दिली. मी जेवणापासूनच ओशाळलेली. आबा भुरका मारतात याची लाज, घरात चमचा नाही याची लाज, सरांना आमटीच्या तिखटाने ठसका लागला त्याची लाज. आणि आपल्याला लाज वाटते याची आणखी वेगळी. त्या वयात माझ्याकडे लाजेचा तोटा नव्हता.

पहाटे आम्ही आईमागून खाचराकडे गेलो. बांधावर आईने वहाणा काढल्या. कमरेची चंची सोडली, तीतून चिमटीभर काही घेतलं, धागा बांधलेली लोंबी डाव्या हातात अलगद धरली आणि तिला खालून वर बोट फिरवून हळद लावली. एकदा, दोनदा, तीनदा. मग काहीतरी पुटपुटली आणि विळा लावला.

सर थांबले. "बाई, हे काय लावलंत?"

"हळद, मास्तर."

"दर वेळी लावता?"

"मंग!" आईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "पोटुशी हाय ती. पोटुशीला इळा लावायचा म्हंजी आदी हळद लावून माफी मागाय नगं?"

"सगळ्यांना सारखीच लावता?"

"सारकी कशी आसंल? जेवडी कवळी तेवडं पाप मोटं. कवळीला लई लावायची. पिकाय आल्यालीला निसतं बोट टेकलं तरी भागतं."

माझा आलेखच होता तो. फोलात ठळक, आत नाही; कोवळेपणी गडद, पिकताना फिका. वास नाही, नवा पदार्थ नाही, काही नाही. आईला जितकं पाप वाटलं तितकी हळद, आणि जितकी हळद तितका आमचा ठिपका. सगळा हंगाम मी भिंगाखाली मान मोडून आईची माफी मोजत होते.

सर हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. आईकडून चिमूटभर हळद मागून घेतली, खिशातल्या पाकिटात घातली. आईला वाटलं, मास्तरांना आमची हळद आवडली. घरी गेल्यावर तिने शेरभर बांधून दिली. ती पुरचुंडी मांडीवर घेऊन सर पुण्यापर्यंत एस.टी.त माझ्या शेजारी बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी हळदीचा अर्क आणि फोलाचा अर्क शेजारी शेजारी लावला. दोन्ही ठिपके एकाच जागी, दिव्याखाली एकसारखे चमकणारे. ज्या पात्याने मी फोल काढलं होतं त्याच पात्याने पुढचं सगळं उकललं होतं, तेव्हा ठिपका न दिसलेल्या नळ्यांतही काय गेलं याचा आता भरवसा राहिला नव्हता. सर म्हणाले, सगळं टाकून द्यावं लागेल. मीच मोरीत ओतलं.

चहाच्या खोलीत बातमी पोचलेली होतीच. सरांच्या बरोबरीचे एक गृहस्थ मला बघून म्हणाले, "काय हो, पी हळद अन् हो गोरी! इतकी घाई?" टोला सरांना होता, पण हसू सगळ्यांना माझ्याकडे बघून आलं. नंतर कितीतरी दिवस त्या खोलीत कुणाचाही प्रयोग फसला की "आईने हळद लावली वाटतं" असं म्हणायची पद्धत पडली. मीही एकदा हसले त्यांच्याबरोबर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझे कान तापतात.

माझी चूक झाली असती तरी परवडलं असतं. चुकीची माफी मागता येते. इथे तसं चुकलं कुणीच नव्हतं. मी आईला कधी सांगितलं नव्हतं की लोंबीला काही लावू नकोस, कारण कुणी लोंबीला काही लावत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी त्याच घरात वाढले होते. पेरणीला बैलाच्या कपाळाला, उंबऱ्याला, नव्या विळ्याला हळद लागताना जन्मभर बघत आले होते. घरचं म्हणून मला ते दिसेनासं झालं होतं.

दिवाळीत घरी गेल्यावर आईला सांगणं भाग होतं. ती करंज्या तळत होती. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं की हळद धुतली तरी जात नाही, ती कागदावर उमटली, म्हणून वर्षाचं काम वाया गेलं. ती झारा हातात धरून ऐकत राहिली. एक करंजी काळी झाली, तिला दिसली नाही.

"म्हंजी माझ्या हातानं गेलं म्हन की तुजं वरीस," ती म्हणाली.

"तुला काय माहीत होतं आई?"

"माहीत नव्हतं, पर गेलं न्हवं?"

 तिने आपली बोटं उजेडात धरून पाहिली. आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखी तिची नखं कडेने पिवळी होती. ती बोटं तिने लुगड्याला पुसली, पुन्हा पाहिली आणि झारा कढईत घातला.

त्या रात्री ती आबांशी भांडली. माझ्या आठवणीत आईने आबांना उलट उत्तर दिल्याचं ते पहिलंच. आबांचं म्हणणं, पाहुण्यांना शब्द गेलाय, कोणत्या तोंडाने मोडू? आई म्हणाली, "चूक माजी हाय. पोरीची न्हाई. तिचं वरीस तिला भरून द्या, मंग मला काय बोलायचं त्ये बोला." आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डोक्याला मुंडासं गुंडाळून पाहुण्यांच्या गावाला गेले. तिथे त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. ते स्थळ गेलं.

पुढच्या हंगामात सगळं नव्याने. मी आईला म्हटलं, यंदा मी कापते, तू नको. तिने ऐकलं नाही. "बिनहळदीचं कापायचं म्हंजी आदीच पाप, त्ये तुज्या माथी कशाला? म्या घीन." तेव्हा मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. ती बिनहळदीची कापील आणि माझे नमुने साफ येतील. झालंही तसंच. त्या वर्षीच्या पट्ट्यांवर पिवळा ठिपका एकदाही आला नाही, काम पुरं झालं, पदवी मिळाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पदवीपायी वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

सांगायचं आहे ते गौरींचं. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गौरी उशिरा आल्या, भात नेमकं दुधात असताना. मी तीन दिवस घरी गेले. आल्या आल्या जेवायला बसले तर आमटी पांढरी. भाजी पांढरी. मी विचारलं, तर वहिनी, माझ्या भावाची बायको, सासूकडे बघत म्हणाली, "आत्याबाई पंधरा दीस हळद घालत न्हाईत कशातच. आमाला पन घालू देत न्हाईत." आबा तसंच जेवत होते.

दुसऱ्या दिवशी गौरी जेवल्या आणि संध्याकाळी गावातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. गौरीपुढे बसली होती वहिनी. दरवर्षी तिथे आई बसायची. यंदा आई माजघराच्या दाराशी उभी, हात पदरात गुंडाळलेले. येणाऱ्या बायका तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायच्या, ती मान पुढे करून घ्यायची, पण उलट कुणाला लावायची नाही. शेजारची काकू, आईच्याच वयाची, समोर कपाळ पुढे करून थांबली. "आगं, लाव की मला."

आईने हात पदराबाहेर काढले नाहीत. "सून लावंल तुला. माज्या हाताला हळद चालत न्हाई यंदा."

 हाताला हळद चालत नाही हे कोणत्या बाईबद्दल बोलतात ते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आबा बाहेर पडवीत सुपारी कातरत होते, त्याचा आवाज आत येत होता. काकूने आईच्या तोंडावर हात ठेवला. "भरल्या घरात आसं बोलू नगं गं, सवाशिनीनं."

"पोरीच्या कालिजाचं हाय," आई म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगावी असं म्हणतात ना, ते मला तेव्हा खरोखर वाटलं.

मी आईला ओढून मागच्या पडवीत नेलं. म्हटलं, "आई, हे काय चालवलंयस? लाव हळद. साबणाने हात धुतले की जाते."

"समदी जाती?"

 नखांच्या कडांतून ती जात नाही हे मला माहीत होतं. परवा पहाटे कोवळ्या लोंब्या कापायच्या होत्या, त्या हंगामातल्या सगळ्यात महत्त्वाच्या. "बरीचशी जाते," मी म्हणाले.

"मंग न्हाई," आई म्हणाली.

परवाच्या लोंब्या वहिनी कापील, तिला आजच हळदीपासून लांब ठेवू, असं सांगता आलं असतं. कापणं एक दिवस पुढे ढकलता आलं असतं. हातांना जुन्या कापडाच्या पिशव्या बांधून कापता आलं असतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या सुचलं, नंतर नव्हे. पण वहिनीचा मला भरवसा नव्हता, दिवस चुकवायचा नव्हता आणि माझे नमुने मला साफ हवे होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"राहू दे मग," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि आत जाऊन पुन्हा दाराशी उभी राहिली, हात पदरात गुंडाळून.